साखर ओळखणारा पहारेकरी

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. दुसरी कबुली म्हणजे मी ई अँड टीसीची. बायोलॉजी दहावीनंतर जी सोडली ती सोडलीच. तरीही या वर्षी मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेतला. त्याचं कारण दोन बुरशी. एक आमच्या हॉस्टेलची आणि एक आमच्या घरची.

आधी हॉस्टेलची. पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये दोऱ्यांवर जीन्स चार-चार दिवस वाळत नाहीत. आपण तशाच दमट घालून प्रॅक्टिकलला पळतो. मग व्हायचं तेच होतं. गजकर्ण! आधी एकीला, मग तिच्या रूमीला, मग अर्ध्या विंगला. कोणी कोणाला सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. माझ्या रूमीने (नाव छापलं तर ती मला जिवंत सोडणार नाही) मेडिकलमधून एक ट्यूब आणली. तीन दिवसांत लाली गेली, खाज गेली. आम्ही खूश! महिन्याभरात ते परत आलं, या वेळी तिप्पट जागेवर. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी ट्यूब हातात घेतली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "यात स्टिरॉइड आहे. तुम्ही चोर पकडला नाही, पहारेकऱ्याला झोपवलंत."

रूमी हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण स्टिरॉइड आणि बुरशी हे दोन शब्द मी आमच्या घरी २०२१ मध्ये एकत्र ऐकले होते. ते शेवटी सांगते. त्या दिवशी रूमवर आल्यावर मला एकच प्रश्न पडला होता. हा पहारेकरी नक्की आहे तरी कोण?

आपण पाव का नाही?

ब्रेकफास्टचा उरलेला पाव कपाटात विसरा आणि चार दिवसांनी कपाट उघडा. हिरवी, काळी लोकर! ही बुरशी पावावर आली ती हवेतून. तिचे बीजाणू सगळीकडे तरंगत असतात आणि आपण रोज असे शेकडो बीजाणू नाकातून आत घेतो. आपलं फुप्फुस गरम, दमट आणि अन्नाने भरलेलं आहे, पावापेक्षा कितीतरी चांगली जागा. मग आपल्यावर लोकर का उगवत नाही?

एक कारण म्हणजे आपलं तापमान. बऱ्याच बुरशींना ३७ अंश सेल्सिअस झेपत नाही. पण ज्यांना झेपतं त्यांचं काय? त्यांच्यासाठी आपल्या पांढऱ्या पेशी आहेत, म्हणजे मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेंड्रिटिक पेशी. प्रश्न असा की समोर आलेला कण बुरशी आहे, धूळ आहे की आपलीच मेलेली पेशी आहे, हे या पेशींना कसं कळतं? त्यांना ना डोळे ना मेंदू. त्यांच्याजवळ फक्त पृष्ठभागावर खोचलेले सेन्सर असतात. त्यातला एक सेन्सर साखर ओळखतो. त्याचं नाव डेक्टिन-१.

एकच वीट, वेगळ्या भिंती

साखर म्हटल्यावर चहातली साखर डोळ्यांसमोर आणू नका. ग्लुकोज ही एक वीट आहे असं समजा. ही वीट एका पद्धतीने जोडत गेलं की स्टार्च होतो, म्हणजे आपला भात. दुसऱ्या पद्धतीने जोडली की सेल्युलोज होतं, म्हणजे आपल्या सबमिशनचा कागद. वीट तीच, फक्त सांधा वेगळा. म्हणून भात पचतो आणि जर्नल पचत नाही. (कुठल्याच अर्थाने!)

बुरशी हीच वीट तिसऱ्या पद्धतीने जोडते. एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्याच्या तिसऱ्या कार्बनला, आणि मधूनमधून सहाव्या कार्बनवरून फांद्या. या साखळीला बीटा-ग्लुकान म्हणतात. बुरशीच्या पेशीभिंतीचा हा मुख्य सांगाडा आहे. गंमत म्हणजे माणसाचं शरीर ही साखळी बनवतच नाही. त्यामुळे शरीरात कुठे ही साखळी दिसली, तर ती बाहेरून आलेली आहे हे नक्की. पहारेकऱ्याला यापेक्षा सोपं ओळखपत्र कुठलं हवं?

साखर ओळखून धरणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. डेक्टिन-१ हे सी-टाइप लेक्टिनच्या कुटुंबातलं. यातला 'सी' कॅल्शियमचा, कारण या कुटुंबातल्या अनेकांना साखर धरायला कॅल्शियम लागतं. डेक्टिन-१ ला लागत नाही! घडण कुटुंबाची, सवय वेगळी. असे नातेवाईक प्रत्येक घरात असतात.

शोध कसा लागला

यीस्टची भिंत पांढऱ्या पेशींना चेतवते हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होतं. यीस्टच्या भिंतीपासून बनवलेली झायमोसान नावाची पूड १९४० च्या दशकापासून प्रयोगशाळांत वापरात आहे. पण तिला पकडणारा हात कोणाचा, ते कळत नव्हतं.

२००० साली अमेरिकेत डॅलसच्या एका गटाला डेंड्रिटिक पेशींवर एक नवं प्रथिन सापडलं. डेंड्रिटिक पेशीचं लेक्टिन म्हणून नाव ठेवलं डेक्टिन. त्यांना दिसलं की ते टी-पेशींना चिकटतं. बुरशीचा विषयच नव्हता. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, ऑक्सफर्डला गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी उलट बाजूने सुरुवात केली. मॅक्रोफेजमधली जनुकं त्यांनी अशा साध्या पेशींमध्ये घातली ज्या झायमोसानला चिकटत नाहीत. मग चमकणारं झायमोसान टाकलं आणि कुठली पेशी आता चिकटते ते पाहिलं. चिकटलेल्या पेशीत जे जनुक होतं ते डेक्टिन-१ चं निघालं.

मला ही पद्धत फार आवडली. आपण लॅबमध्ये बंद पडलेल्या सर्किटमध्ये एकेक आयसी बदलून बघतो ना, तसंच हे. फक्त आयसी हजारो.

स्विच कसा दबतो

आता माझ्या ब्रँचच्या लोकांसाठी. (बाकीच्यांनी हा भाग व्हायव्हासारखा मान डोलावत काढावा.)

डेक्टिन-१ चं एक टोक पेशीच्या बाहेर असतं आणि ते ग्लुकान धरतं. दुसरं टोक आत असतं. ग्लुकान पकडलं की आतल्या टोकावर फॉस्फेट बसतं, तिथे सिक नावाचं एन्झाइम येऊन चिकटतं, ते पुढे कार्ड-९ नावाच्या प्रथिनाकडे सिग्नल ढकलतं, आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचा मास्टर स्विच पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. मग पेशी बुरशी गिळते, तिच्यावर विषारी ऑक्सिजनचा मारा करते आणि रासायनिक निरोप पाठवून बाकीच्यांना बोलावते. त्या निरोपांमुळे टीएच-१७ नावाच्या टी-पेशी तयार होतात आणि त्वचा, तोंड अशा सीमेवरच्या जागा त्या सांभाळतात.

पण इथे एक अडचण आहे. बुरशीच्या भिंतीतून सुटलेले ग्लुकानचे तुकडे रक्तात विरघळून फिरू शकतात. असा प्रत्येक तुकडा चिकटल्यावर अलार्म वाजला तर पेशी हवेतच गोळ्या झाडत बसेल. आपल्या भाषेत, नॉइजवर ट्रिगर होणारं सर्किट!

याचं उत्तर २०११ मध्ये मिळालं. डेक्टिन-१ च्या शेजारी सीडी-४५ आणि सीडी-१४८ नावाची दोन एन्झाइमं असतात. त्यांचं काम म्हणजे बसलेला फॉस्फेट लगेच काढून टाकणं. थोडक्यात, ती सिग्नल सारखी रिसेट करत असतात. विरघळलेला तुकडा चिकटतो, पण रिसेट चालूच राहतं आणि आउटपुट शून्य येतं. अख्खा बुरशीचा कण आला की मात्र पेशीचं आवरण त्याला झिपसारखं घट्ट बिलगतं आणि त्या दाबात ही दोन्ही एन्झाइमं बाजूला ढकलली जातात. रिसेट गेलं, सिग्नल टिकला, अलार्म वाजला. म्हणजे अट एक नाही, दोन आहेत. ग्लुकान हवं आणि ते खऱ्याखुऱ्या कणावर हवं. सरळ सरळ अँड गेट! हे वाचलं तेव्हा मी रूमीला झोपेतून उठवून सांगितलं. तिची प्रतिक्रिया इथे छापण्यासारखी नाही.

यावरून एक उपयोगाची गोष्टही कळते. 'इम्युनिटी वाढवणारं बीटा-ग्लुकान' असं लिहिलेल्या बाटल्या दुकानात दिसतात. पण विरघळलेलं आणि कणाच्या रूपातलं ग्लुकान या दोन्हींना पेशी एकसारखं उत्तर देत नाही, हे आपण आत्ताच पाहिलं. त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका.

चोर मास्क घालतो

बुरशीही काही बावळट नाही. कँडिडा नावाचं यीस्ट ग्लुकानच्या थरावर मॅनन नावाच्या दुसऱ्या साखरेचा थर चढवतं. त्यात फट राहते ती फक्त कळी तुटून पडते त्या व्रणावर. हवेत तरंगणारे अॅस्परजिलसचे बीजाणू अंगावर प्रथिनाचा रेनकोट घालतात. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २००९ मध्ये हा कोट काढून पाहिला, तर तोवर शांत बसलेल्या पेशी लगेच जाग्या झाल्या. बीजाणू रुजायला फुगतो तेव्हा हा कोट फाटतो आणि आतलं ग्लुकान दिसतं. म्हणजे नुसत्या तरंगणाऱ्या बीजाणूवर पहारेकरी शक्ती घालवत नाही, पण घर बांधायला लागला की धरतो. मला हे मायक्रोप्रोसेसरच्या मास्क केलेल्या इंटरप्टसारखं वाटतं. मास्क निघाला की इंटरप्ट लागलाच.

पहारेकरी नसलाच तर?

२००७ मध्ये दोन गटांनी डेक्टिन-१ नसलेले उंदीर बनवले. एक गट म्हणाला, कँडिडा रोखायला ते लागतंच. दुसरा म्हणाला, कँडिडासाठी लागत नाही, न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीसाठी लागतं. दोन्ही पेपर एकाच जर्नलच्या एकाच अंकात! पुढे कळलं की कँडिडाचे वेगवेगळे प्रकार भिंत वेगवेगळी ठेवतात, आणि डेक्टिन-१ वर किती भिस्त आहे ते प्रकारानुसार बदलतं. दोघांची रीडिंग बरोबरच होती. आपलं रीडिंग मित्राच्या रीडिंगशी जुळलं नाही की आपण कॉपी करतो. त्यांनी केली नाही.

माणसांतलं उत्तर २००९ साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातून आलं. त्या घरातल्या चार स्त्रियांना नखांचा किंवा योनीचा बुरशीसंसर्ग पुन्हापुन्हा व्हायचा. तपासलं तर डेक्टिन-१ च्या जनुकात एक अक्षर असं बदललं होतं की प्रथिन शेवटाच्या थोडं आधीच तुटायचं. शेवटचा छोटासा तुकडा गेला आणि ग्लुकान धरणं बंद! तरी त्यांना जिवावर बेतणारा संसर्ग झाला नव्हता, कारण बुरशी गिळायचे आणि मारायचे दुसरे मार्ग शाबूत होते. त्याच अंकात इराणमधल्या एका कुटुंबाची हकीकत होती. तिथे बिघाड कार्ड-९ मध्ये होता आणि आजार कितीतरी गंभीर. कारण उघड आहे. कार्ड-९ हे जंक्शन आहे, डेक्टिन-१ सारख्या अनेक सेन्सरच्या वायर तिथे येतात. एक सेन्सर गेला तर चालतं, जंक्शन बॉक्स जळला तर नाही.

असे आजार लोक वर्षानुवर्षं लपवतात. 'स्वच्छता पाळत नाही' असा शिक्का बसतो म्हणून. त्या स्त्रियांचा दोष एका अक्षराचा होता, तोही स्वतः न लिहिलेल्या.

आता घरची गोष्ट

२०२१ च्या एप्रिलमध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली म्हणून आम्ही सगळे आनंदात होतो. मे महिन्यात माझा मामा कोरोनातून वाचून घरी आला. हॉस्पिटलमध्ये त्याला ऑक्सिजन आणि स्टिरॉइड दिलं होतं. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोनने कमी होतात हे २०२० मध्येच सिद्ध झालं होतं. मामा वाचला तो त्यामुळेच असेल. पण त्याला आधीपासून डायबिटीस होता आणि स्टिरॉइडने साखर अजून चढते.

मी रिकामीच होते, म्हणून आईने मला काम दिलं. मामाची साखर दिवसातून दोनदा मशीनवर बघायची आणि वहीत लिहायची. मी लिहिली. पण त्या वहीत मध्येच चार दिवस कोरे आहेत. मी तेव्हा एक सिरीज बघत होते. मामा म्हणायचा, "असू दे गं, रोज काय टोचायचं," आणि मला तेच हवं होतं.

पाचव्या दिवशी मामाचा उजवा गाल दुखायला लागला. "दाढ असेल," मी म्हटलं. दोन दिवसांनी डोळा सुजला. म्युकरमायकोसिस! त्या वर्षी जूनच्या शेवटापर्यंत देशात ४० हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते आणि महाराष्ट्रात खूप होते. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी माझे बाबा तीन शहरांत फोन करत होते. मामाचा उजवा डोळा आणि वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला.

डेक्टिन-१ बद्दल वाचताना मला याचा अर्धा उलगडा झाला. म्युकर गटातल्या बुरशींच्या भिंतीत मुख्यतः चिटिन आणि चिटोसान असतं, बीटा-ग्लुकान फार कमी. त्यामुळे आपल्या पहारेकऱ्याला जे ओळखपत्र बघायचं असतं ते नीट दिसतच नाही. गोष्ट इथेच थांबत नाही. रक्तात ग्लुकान शोधून बुरशीचं निदान करणारी एक टेस्ट आहे. नालखुरी खेकड्याच्या रक्तपेशींमधलं एक प्रथिन ग्लुकान दिसताच चेततं, त्यावर ती चालते. म्युकरसाठी ही टेस्ट निगेटिव्ह येते. कॅस्पोफंजिनसारखी औषधं बुरशीचं ग्लुकान बनवणारं एन्झाइम बंद करतात, तीही एकटी इथे फारशी चालत नाहीत. एक वीट नाही, तर पहारेकरी, टेस्ट आणि औषध तिन्ही लंगडे!

मग उरतात न्यूट्रोफिल. पण साखर वाढली की तेही मंदावतात. आणि स्टिरॉइड काय करतं? तो जो शेवटचा मास्टर स्विच सांगितला, एनएफ-कप्पा-बी, तोच दाबून धरतं. कोरोनात फुप्फुसाला जाळणारी आग त्यानेच विझते, आणि बुरशीवर वाजणारा अलार्मही त्यानेच बंद पडतो. वायर एकच आहे.

गजकर्णाच्या ट्यूबमध्ये तेच घडतं. ती लाल, खाजणारी कड हा बराचसा आपल्याच पेशींचा अलार्म असतो. स्टिरॉइडने अलार्म बंद झाला की आपल्याला वाटतं बरं झालं. खाली बुरशी मजेत पसरते. त्यात २०२० साली भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून गजकर्णाच्या बुरशीची एक नवी जात ओळखली गेली, ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. तेव्हा हॉस्टेलकरांनो, विनंती आहे. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन असं काही दिसलं तर ती परत द्या आणि डॉक्टरांकडे जा. औषध सांगितलंय तितके आठवडे लावा, लाली गेली म्हणून सोडू नका. टॉवेल शेअर करू नका. आणि लाजू नका, अर्धी विंग तुमच्याच बोटीत आहे.

मामा आता बरा आहे. एका डोळ्याने मॅच बघतो आणि अंपायरला शिव्या दोन डोळ्यांच्या देतो. हा लेख लिहायच्या आधी मी त्याला फोन केला आणि पहिल्यांदाच त्या चार कोऱ्या दिवसांबद्दल बोलले. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वेडे, मीच नको म्हणायचो ना? लिही तू, पण माझं नाव नको टाकूस." चार दिवसांनी काही फरक पडला असता का, हे डॉक्टरही सांगू शकणार नाहीत आणि डेक्टिन-१ ही सांगू शकत नाही. आता सुट्टीत घरी गेले की त्याची साखर मीच बघते. वही तीच आहे.

असो. लेख फार लांबला. दोरीवरची जीन्स बघायला जाते, आज ऊन पडलंय.